आईची झोप, आजीची हाडे

(विठ्ठलवाडी येथे महिला मंडळाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा हा संपादित पाठ.)



'वाढत्या वयातील स्त्रियांची झोप आणि हाडांचे आरोग्य' हा आजचा विषय फलकावर वाचल्यावर, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असा प्रश्न अनेकींच्या मनात आला असेल. झोप ही मनाशी आणि मेंदूशी निगडित, तर हाडे ही दुधाशी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी निगडित, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु गेल्या वीस वर्षांतील वैद्यकीय अभ्यासांनी या दोहोंमधील नाते बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे. ते नाते मी आज मांडणार आहे. त्यासोबत माझे आणखी एक म्हणणे आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकते. घरातील स्त्रीने केव्हा निजायचे आणि केव्हा उठायचे, हे ती स्वतः ठरवत नाही. ते सारे घर ठरवते. त्यामुळे तिची झोप सुधारायची असेल, तर तिला एकटीला उपदेश करून भागणार नाही. घराचे वेळापत्रक बदलावे लागेल.

अर्धीच पाळलेली म्हण

विठ्ठलवाडी हे कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाताना लागणारे पहिले स्थानक. येथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे. हे अंतर रोज दोनदा कापणाऱ्या स्त्रियांच्या दोन पिढ्या या परिसराने पाहिल्या आहेत. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणच्या मार्गावरही अशी गाडी धावू लागली. त्या गाडीत तिशीच्या उमेदीने चढलेली स्त्री आज साठी ओलांडून गेली आहे. निवृत्त झाली आहे, आजी झाली आहे. आज आपल्यासमोर गुडघ्याला पट्टा बांधून, कमरेला हात लावून बसणाऱ्या ज्या भगिनी आहेत, त्यांतल्या अनेकींचे तारुण्य त्या गाडीच्या डब्यात गेले आहे.

त्या तीस वर्षांचे दिवसाचे गणित मांडून पाहा. सकाळची गाडी पकडायची म्हणजे त्याआधी सर्वांचे डबे व्हायला हवेत, मुलांची शाळेची तयारी व्हायला हवी, पाणी पहाटे येत असेल तर ते भरून ठेवायला हवे. म्हणजे उठणे साडेचार-पाचला. रात्री परतल्यावर स्वयंपाक, जेवणे, आवराआवर, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणे. पाठ टेकायला साडेअकरा-बारा. गाडीत उभ्या उभ्या किंवा मैत्रिणीच्या खांद्यावर मान टेकून लागलेला डोळा हिशेबात धरला, तरी झोप पाच तासांच्या पुढे जात नव्हती. लवकर निजून लवकर उठावे, असे आपली म्हण सांगते. आपल्या घरांतील बायकांनी ती म्हण अर्धीच पाळली. त्या लवकर उठत राहिल्या. लवकर निजण्याचा भाग मात्र राहून गेला.

नोकरी न करणाऱ्या भगिनींचे चित्र फार वेगळे होते असे नाही. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे इतका वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषाची सरासरी ९७ मिनिटे निघाली. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रीचे पाच तास कोठून येतात? दिवस तर सर्वांचा चोवीस तासांचाच असतो. ते बहुधा तिच्या विश्रांतीतून आणि झोपेतून येतात.

हाड हे जिवंत असते

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे घराच्या भिंतीतला लोखंडी गज नव्हे, की एकदा घातला आणि विसरून गेलो. हाड हे जिवंत ऊतक आहे. आयुष्यभर त्याची मोडतोड आणि बांधणी एकाच वेळी चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. वयाच्या पंचवीस-तिशीपर्यंत भरणी जास्त होते आणि हाडांची घनता शिखरावर पोचते. पुढे काही वर्षे जमाखर्च बरोबरीत राहतो आणि मग खर्च वाढू लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत या खर्चाला अचानक वेग येतो तो रजोनिवृत्तीच्या वेळी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची राखण करीत असते. ते कमी झाले की पुढील पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६-४७ च्या आसपास आढळते. म्हणजे आपल्याकडे हा ऱ्हास चार-पाच वर्षे आधी सुरू होतो. त्यात आपल्या अनेक भगिनींनी मुळात हाडांची पुंजीच कमी जमवलेली असते. लहानपणी दूध आधी भावाला मिळालेले, लवकर लग्न झालेले, बाळंतपणे पाठोपाठ आलेली आणि घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय जडलेली.

हाडे ठिसूळ होण्याच्या या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. गुडघा दुखतो म्हणून आपण डॉक्टरकडे जातो, पण ते बहुधा सांध्याचे दुखणे असते. हाडांची घनता मात्र मुकाट्याने कमी होत राहते आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकवला जातो आणि मनगट मोडते. वाकून बादली उचलताना मणका दबतो. रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. खुब्याचा अस्थिभंग हा वृद्धापकाळातील फार गंभीर प्रसंग आहे. शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, फुप्फुसांचा संसर्ग आणि पुन्हा पूर्वीसारखे चालता न येणे, अशी ती साखळी असते.

झोपेचा धागा कोठे जुळतो?

शरीराला स्वतःचे एक घड्याळ असते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांच्या पेशीही याच घड्याळाच्या तालावर काम करतात. जुने हाड विरघळवण्याचे काम रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे सर्वाधिक असते आणि दिवसा ते मंदावते. हा ताल सतत बिघडत राहिला, तर मोडतोड चालू राहते आणि बांधणी मागे पडते, असे दिसू लागले आहे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा पुरुषांना तीन आठवडे जेमतेम साडेपाच तासांच्या आसपास आणि अवेळी झोप घेऊ देण्यात आली. त्यांच्या रक्तातील हाडांच्या बांधणीचे निदर्शक तेवढ्या काळातही घटले. हा प्रयोग लहान होता आणि पुरुषांवरचा होता, हे मी मुद्दाम सांगते. पण तीन आठवड्यांत असे घडत असेल, तर तीस वर्षांत काय घडत असेल, हा विचार मनात येतोच.

स्त्रियांविषयीचा मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ११,०८४ रजोनिवृत्त स्त्रियांची झोप आणि त्यांच्या हाडांची घनता यांची त्यात तुलना होती. रात्री पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची घनता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. खुबा, मणका, मांडीच्या हाडाची मान आणि संपूर्ण शरीर, या चारही ठिकाणी हा फरक दिसला. हाडांचे वय साधारण एका वर्षाने पुढे गेल्याइतका तो होता. खुब्याच्या ठिकाणी ऑस्टिओपोरोसिस असण्याची शक्यता कमी झोपणाऱ्यांत ६३ टक्क्यांनी अधिक आढळली.

२००९ साली परिचारिकांवरचा एक अभ्यास आला होता. वीस किंवा अधिक वर्षे रात्रपाळी केलेल्या अमेरिकन परिचारिकांमध्ये खुबा आणि मनगट मोडण्याचा धोका, कधीच रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक होता. आपल्या भागातील कितीतरी मुली आणि सुना रुग्णालयांत रात्रपाळ्या करतात. त्यांच्या घरच्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

येथे एक सावधगिरीची सूचना. या अभ्यासांवरून कमी झोपेनेच हाडे ठिसूळ होतात असे सिद्ध झाले, असे म्हणता येणार नाही. कमी झोपणाऱ्या स्त्रीला आणखी आजार असू शकतात, तिच्या हालचाली कमी असू शकतात, तिचा आहार निकृष्ट असू शकतो. दोन गोष्टी सोबत आढळतात, एवढेच असे अभ्यास सांगतात. परंतु पुरेशी झोप घेतल्याने अपाय काही नाही आणि लाभ अनेक आहेत. अशा वेळी पूर्ण पुराव्याची वाट पाहत जागे राहण्यात शहाणपण नाही.

शिवाय झोपेचा आणि अस्थिभंगाचा संबंध आणखी एका सरळ वाटेने जुळतो. ज्या बाईची रात्री झोप झालेली नाही, तिचे दिवसा लक्ष उडते, तोल ढळतो, पाय उचलला जात नाही. हाड कितीही ठिसूळ असले, तरी मनगट किंवा खुबा मोडतो तो बहुधा पडल्यावर. आणि पडण्याला अपुऱ्या झोपेचा हातभार असतो.

वामकुक्षीचे काय?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६९ वर्षे व त्यापुढील वयाच्या ८,१०१ स्त्रियांच्या झोपेची माहिती घेतली गेली. रोज दिवसा झोपणाऱ्या स्त्रियांमध्ये वारंवार पडण्याचे आणि खुबा मोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळले. मग दुपारची वामकुक्षी सोडून द्यायची का? तसे नाही. दिवसा लागणारी लांब झोप ही बरेचदा रात्रीच्या बिघडलेल्या झोपेची खूण असते. कधी ती मधुमेहाची, हृदयविकाराची, थायरॉइडची किंवा औषधांच्या परिणामाची खूण असते. दुपारी अर्धा तास डाव्या कुशीवर पडणे वेगळे आणि जेवून झोपल्यावर चार वाजता चहाच्या वेळी उठणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात रात्री झोप येत नाही, म्हणून रात्री गोळी घेतली जाते, म्हणून सकाळी सुस्ती राहते, म्हणून पुन्हा दुपारी झोप लागते.

आपल्या आयुर्वेदाने या बाबतीत पुष्कळ तारतम्य दाखवले आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. निद्रेला आहाराच्या पंक्तीला बसवणारी ही दृष्टी आजही विचार करायला लावणारी आहे. त्याच ग्रंथात दिवसा झोपणे सामान्यतः वर्ज्य सांगताना ग्रीष्म ऋतूचा आणि वृद्ध, बालक, दुर्बल व थकलेल्या माणसांचा अपवाद केलेला आहे. म्हणजे वय, ऋतू आणि प्रकृती पाहून निर्णय करावा. सत्तरीतल्या आजींनी मे महिन्याच्या दुपारी थोडे पडावे. मात्र गजर लावून अर्ध्या-पाऊण तासात उठावे आणि तीननंतर झोपू नये.

म्हाताऱ्या माणसांना झोप कमी लागते?

ही आपल्या घरांतील अतिशय दृढ समजूत आहे. पासष्टीपुढील माणसालाही रात्री साधारण सात ते आठ तास झोपेची आवश्यकता असते. वयानुसार झोप हलकी होते, मध्ये मध्ये तुटते, पहाटे लवकर जाग येते, हे खरे. पण गरज फारशी कमी होत नाही. आजी पहाटे चारला उठून बसते म्हणून तिला झोप पुरते असे समजू नये. तिची झोप मोडते का, याचा शोध घ्यावा. गुडघेदुखी, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, आम्लपित्त, संध्याकाळी घेतलेले लघवी वाढवणारे औषध, मनातली चिंता, ही नेहमीची कारणे आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांचे प्रमाणही वाढते. आजी घोरते म्हणून नातवंडे हसतात, पण घोरताना श्वास थांबून दचकून जाग येत असेल, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे.

झोपेच्या गोळीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे ही गोळी शेजारणीकडून शेजारणीकडे जाते. वृद्ध व्यक्तींमध्ये अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जातो, विसरभोळेपणा येतो, पडण्याचा आणि खुबा मोडण्याचा धोका वाढतो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. मात्र वर्षानुवर्षे घेत असाल, तर ती एकदम बंदही करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळीआधी वर्तनोपचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली आहे. त्यातील मुख्य सूत्रे कोणीही पाळू शकते. रोज एकाच वेळी उठावे. झोप आली तरच अंथरुणावर जावे. वीस मिनिटे झोप लागली नाही, तर उठून मंद प्रकाशात शांत काही करावे, जप करावा, वाचावे आणि झोप आल्यावर पुन्हा आडवे व्हावे. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी टाळावी. झोपण्यापूर्वी तासभर दूरदर्शन आणि मोबाइल बंद असावा. मालिकेतल्या सासू-सुनांची भांडणे पाहून अंथरुणावर गेलेल्या आजीचे मन शांत कसे व्हावे?

ऊन, चाल आणि ताट

झोप आणि हाडे या दोन्हींना लागणाऱ्या तीन गोष्टी फुकट किंवा स्वस्त आहेत.

पहिली म्हणजे ऊन. येथे एक गैरसमज दूर करते. सकाळचे कोवळे ऊन शरीराच्या घड्याळासाठी उत्तम आहे. त्याने रात्रीची झोप वेळेवर येते. परंतु ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात. ते सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत अधिक मिळतात. म्हणून हात-पाय उघडे ठेवून या वेळेत थोडा वेळ उन्हात बसावे, उन्हाळ्यात फार वेळ नको. एकाला लागून एक इमारती असलेल्या आपल्या वस्तीत घरात ऊन येत नाही, तेव्हा गच्चीची किल्ली आजींसाठी उघडी ठेवणे हे सोसायटीचे कर्तव्य आहे. ड जीवनसत्त्व रक्तात कमी आढळले, तर औषध डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. या जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चाल. हाडावर भार पडला की ते मजबूत राहते. रोज अर्धा तास चालणे, जिना हळूहळू चढणे, भिंतीला धरून टाचा वर उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहण्याचा सराव करणे, याने हाडे आणि तोल दोन्ही सुधारतात. दिवसा थकलेल्या शरीराला रात्री झोपही चांगली लागते. मणक्याची हाडे ठिसूळ असतील, तर मात्र पुढे वाकण्याचे आणि कमरेला पीळ देण्याचे व्यायाम व आसने डॉक्टरांना विचारूनच करावीत.

तिसरी गोष्ट म्हणजे ताट. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्त स्त्रीला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. हे आपल्या स्वयंपाकघरात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, शंभर मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. तिळात तर ते भरपूर आहे; तिळाची चटणी संक्रांतीपुरती ठेवू नये. राजगिरा, शेवग्याचा पाला, दही, ताक आणि मासे खाणाऱ्या घरांत काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे, हे सारे उपयोगी आहे. पण ताटात हे पदार्थ आजीच्याही वाढले जातात का, हे पाहायला हवे. उपवासाच्या नावाखाली आठवड्यातून दोन-तीन दिवस केवळ चहा आणि साबुदाणा खाणाऱ्या भगिनींना विनंती आहे, की देवाला हाडे झिजवलेली आवडत नाहीत. उपवास करावा, पण दूध, ताक, राजगिरा घेऊन करावा.

रात्रीचे घर

आता घरातल्या मुलांसाठी आणि नातवंडांसाठी. आज रात्री घरी गेल्यावर आजीच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची वाट अंधारात एकदा चालून पाहा. वाटेत पायपुसणे सरकते का? कोणाची चप्पल, बॅग, पंख्याची वायर आडवी येते का? मोरीची फरशी ओली राहते का? रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावा. न्हाणीघरात भिंतीला धरायला पक्का दांडा बसवा. लहान घरांत आजी जमिनीवर अंथरूण घालते. तिला गुडघ्यातून उठताना त्रास होत असेल, तर तिच्यासाठी योग्य उंचीचा पलंग हवा. चश्मा आणि काठी हाताशी हवी. आजीने उठताना आधी कुशीवर वळावे, हाताच्या आधाराने बसावे, मिनिटभर थांबावे आणि मग उभे राहावे. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी हे विशेष पाळावे.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी वेदनारहित असते आणि काही मिनिटांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल, तर त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पासष्टीनंतर प्रत्येकीने ही तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. पाळी लवकर गेली असेल, गर्भाशयासोबत अंडाशये काढली असतील, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतली असतील, आई-वडिलांचा खुबा मोडला असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर त्याआधीच बोलावे. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी झाली असेल किंवा पाठीला पोक येऊ लागला असेल, तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. मणका दबल्याची ती खूण असू शकते. उपचार उपलब्ध आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल, तर ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. गोळी घेऊन पुन्हा पांघरुणात शिरणे अन्ननलिकेला त्रासदायक ठरते.

देवालाही विश्रांती मिळते

शेवटी, ज्या देवाच्या नावाने आपल्या या गावाला ओळखतात, त्याच्याकडे वळते. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरला विठ्ठलाच्या शेजघरातील पलंग बाहेर काढला जातो. देवाचे निजणे थांबते. दर्शन दिवसरात्र चालू राहते आणि लाखो भक्तांसाठी तो अखंड उभा राहतो. परंतु यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याचे स्नान घालतात, त्याचा शिणवटा घालवण्यासाठी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि शेजारती सुरू होते. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या देवाचाही शीण आपल्या परंपरेने ओळखला आणि तो काढण्याची जबाबदारी भक्तांवर टाकली.

आपल्या घरात एक स्त्री चाळीस वर्षे अशीच उभी आहे. तिचा पलंग बाहेर काढला गेला तो तिच्या लग्नानंतर आणि वारी अजून सरलेली नाही. आम्ही तिच्या या जागण्याला त्याग म्हटले, तिचे कौतुक केले, मातृदिनी तिला शुभेच्छा दिल्या. तिचा शीण मात्र काढला नाही. त्यागाचे कौतुक करणे सोपे असते, कारण त्यात आपले वेळापत्रक बदलावे लागत नाही.

म्हणून येथे बसलेल्या कार्यकर्त्या बंधूंना माझी विशेष विनंती आहे. समाजाच्या कामासाठी आपण रात्री उशिरापर्यंत बैठका करता. घरी पोचायला अकरा वाजतात आणि तेव्हा आई किंवा पत्नी ताट झाकून जागी असते. यापुढे तिला सांगा, की वेळ झाली की निजून जा. मी स्वतः वाढून घेईन आणि ताटही घासून ठेवीन. सकाळचा पहिला चहा आठवड्यातले काही दिवस घरातील पुरुषाने करावा. पहाटे पाणी भरण्याची पाळी मुलाने घ्यावी. आजीला नातवंडांची जबाबदारी द्यावी, पण तिच्या दुपारच्या अर्ध्या तासाचा मान राखावा. तरुण मुलींना आतापासून सात तास झोपू द्यावे, कारण त्यांची हाडांची पुंजी याच वयात जमते.

आणि भगिनींनो, तुम्हांलाही सांगणे आहे. 'सगळे निजल्याशिवाय मला झोप येत नाही' हे वाक्य आता सोडून द्या. रात्री दहा वाजता दिवा मालवून निजणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. सत्तरीतही स्वतःच्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढता याव्यात, नातवाच्या मुंजीत सोवळे नेसून वावरता यावे आणि कोणाच्या हातावर भार न टाकता दारापर्यंत जाऊन पाहुण्याचे स्वागत करता यावे, यासाठीची ही तयारी आहे.